टर्मिनलमधून व्ह्यूअर आणि एडिटर उघडताना कोण कोणाची वाट पाहतो?

आपण चार तक्रारी मांडल्या आहेत. उबुंटूवर टर्मिनलमधून इव्हिन्स या व्ह्यूअरने (फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) पीडीएफ उघडली की टर्मिनल अडकून बसते. आज्ञेच्या शेवटी & लावले तर अडकत नाही, पण टर्मिनलची खिडकी बंद करताच पीडीएफही नाहीशी होते. जीएडिट (मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम) मात्र कधी अडकते आणि कधी अडकत नाही. आणि फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एडिटर म्हणून जीएडिट ठेवल्यावर, संदेश लिहिण्याआधीच कमिट, म्हणजे बदलांची नोंद, रद्द होते. या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे, म्हणून चार वेगळे उपाय सुचवण्यापेक्षा ते मूळ नीट उलगडून सांगणे मला योग्य वाटते. टर्मिनलमधून खिडकीवाला प्रोग्रॅम सुरू करताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: कोण कोणाची वाट पाहत आहे, आणि ती वाट पाहिली जावी अशी आपली इच्छा आहे का? व्ह्यूअरच्या बाबतीत शेलने (टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) वाट पाहू नये असे आपल्याला वाटते. दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडलेल्या एडिटरच्या बाबतीत मात्र वाट पाहिली गेलीच पाहिजे. या दोन गरजा परस्परविरुद्ध आहेत आणि एकच सवय दोन्हीकडे लावली की गोंधळ होतो.

पुढील आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहाव्यात. चिन्हे, उणे आणि रिकाम्या जागा जशाच्या तशा ठेवाव्यात. अक्षरे लहान लिपीतली आहेत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रथम अडकण्याविषयी. शेलला आज्ञा दिली की शेल स्वतःची एक प्रत तयार करतो, त्या प्रतीत आपला प्रोग्रॅम सुरू करतो आणि तो संपेपर्यंत थांबून राहतो. फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा क्षणात संपते, त्यामुळे हे थांबणे आपल्या लक्षात येत नाही. इव्हिन्स आपण खिडकी बंद करेपर्यंत संपत नाही, म्हणून शेलही तेवढा वेळ थांबतो. टर्मिनल बिघडलेले नसते, ते केवळ आपले काम प्रामाणिकपणे करत असते. शेवटी & लावणे म्हणजे ‘सुरू कर, पण थांबू नकोस’ असे सांगणे:

इव्हिन्स अहवाल.पीडीएफ &

& लावायचे विसरले तर घाबरण्याचे कारण नाही. टर्मिनलमध्ये कंट्रोल-झेड दाबावे. प्रोग्रॅम गोठतो आणि शेल मोकळा होतो. या क्षणी पीडीएफची खिडकी पुन्हा रंगवली जात नाही, पाने हलत नाहीत आणि डेस्कटॉप कदाचित ‘हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही, बंद करू का?’ असेही विचारतो. अनेक जण इथेच ‘हो’ म्हणून मोकळे होतात. तसे करू नये. टर्मिनलमध्ये फक्त ‘बीजी’ एवढे लिहून एंटर दाबावे, म्हणजे गोठलेला प्रोग्रॅम पार्श्वभूमीत पुन्हा चालू लागतो. कंट्रोल-सी मात्र एडिटर उघडा असताना कधीही दाबू नये. त्याने प्रोग्रॅम थेट संपतो आणि ‘बदल जतन करायचे का?’ हा प्रश्न विचारण्याची संधीही एडिटरला सहसा मिळत नाही.

आता दुसरी तक्रार, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथे लिहिलेला मजकूर खरोखर हरवतो. & लावल्याने शेल वाट पाहणे थांबवतो, पण नाते तोडत नाही. तो प्रोग्रॅम अजूनही शेलच्या कामांच्या यादीत असतो. ‘जॉब्स’ ही आज्ञा दिली की तो तिथे दिसतो. आपण टर्मिनलची खिडकी बंद केली की कर्नल (प्रणालीचा गाभा) शेलला ‘हँगअप’ नावाचा सिग्नल, म्हणजे एक इशारा, पाठवतो, आणि शेल तो आपल्या यादीतील प्रत्येक कामाकडे पुढे पाठवतो. हे नाव टेलिफोनच्या काळातले आहे. त्या काळी टर्मिनल मोडेमने जोडलेले असे, आणि पलीकडच्याने फोन ठेवला की त्याच्यासाठी चालू असलेले प्रोग्रॅम बंद करणे शहाणपणाचे होते. आज फोन नाही, पण नियम तोच आहे, आणि ज्या प्रोग्रॅमने या सिग्नलसाठी काही वेगळे ठरवून ठेवलेले नाही तो तो मिळताच संपतो.

एक बारकावा लोकांना वर्षानुवर्षे चकवतो. बॅश या उबुंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये ‘एग्झिट’ लिहून बाहेर पडले, तर मूळ मांडणीत हा सिग्नल पार्श्वभूमीतील कामांना पाठवला जात नाही आणि पीडीएफ उघडी राहते. खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली, तर मात्र पाठवला जातो. म्हणूनच एखादा सहकारी शपथेवर सांगतो की त्याच्याकडे असे काही होत नाही, आणि त्याचे म्हणणे खरेही असते. झेडशेल हा दुसरा शेल वापरणाऱ्यांकडे मूळ मांडणी उलटी आहे. तिथे ‘एग्झिट’नेही सिग्नल जातो, मात्र & ऐवजी &! लावले की ते काम सुरू होतानाच यादीतून वगळले जाते.

नाते तोडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला ‘डिसओन’. प्रोग्रॅम & लावून सुरू केल्यानंतर ही आज्ञा दिली की शेल त्या कामाला यादीतून काढून टाकतो आणि त्याला सिग्नल पाठवत नाही. आधीच उघडलेल्या खिडकीसाठी हाच उपाय आहे: कंट्रोल-झेड, बीजी, डिसओन, या क्रमाने. दुसरा ‘नोहप’. तो प्रोग्रॅमला हँगअप सिग्नलकडे दुर्लक्ष करायला सांगून मगच सुरू करतो, पण प्रोग्रॅमचे संदेश टर्मिनलकडे जाणार असतील तर ते चालू फोल्डरमधील नोहप.आउट नावाच्या फाइलीत साठवतो. वर्षभर असे केलेल्या माणसाच्या प्रत्येक फोल्डरात ही फाइल पडलेली आढळते. तिसरा, आणि माझ्या रोजच्या वापरातला, ‘सेटसिड’. तो प्रोग्रॅमला संपूर्ण नवे सत्र देतो, त्यामुळे त्या प्रोग्रॅमचा आपल्या टर्मिनलशी संबंधच उरत नाही:

सेटसिड --फोर्क इव्हिन्स अहवाल.पीडीएफ >/डेव्ह/नल २>&१

इथे --फोर्क जाणीवपूर्वक लिहिले आहे. त्याच्याशिवायही ही आज्ञा टर्मिनलमध्ये लगेच परत येते, पण तीच ओळ स्क्रिप्टमध्ये (आज्ञा साठवलेल्या फाइलीत) टाकली की तिथे ती थांबून राहू शकते, आणि हा फरक शोधण्यात एक दुपार सहज जाते. शेवटचा भाग प्रोग्रॅमचे सगळे संदेश फेकून देतो. जीटीके आणि क्यूटी या साधनांवर बांधलेले प्रोग्रॅम टर्मिनलवर इशाऱ्यांच्या ओळी ओततात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, पण आपण दुसरी आज्ञा लिहीत असताना त्या मध्येच उमटल्या की वाचणे कठीण होते. तरीही एक काळजी घ्यावी. एखादी फाइल उघडतच नसेल तर प्रथम हा भाग काढून आज्ञा साधी चालवावी, कारण न उघडण्याचे कारण त्याच ओळींत लिहिलेले असते.

तिसरी तक्रार, म्हणजे जीएडिट कधी अडकते आणि कधी नाही. यात लहरीपणा नाही. जीएडिटसारखे प्रोग्रॅम स्वतःची एकच प्रत चालू ठेवतात. आपण आज्ञा दिली की नवा प्रोग्रॅम आधी डी-बस या संदेशवाहिनीवर चौकशी करतो: ‘माझ्याच नावाचे कोणी आधीपासून चालू आहे का?’ कोणी नसेल तर तो स्वतः खिडकी उघडतो आणि शेल त्याची वाट पाहत राहतो. कोणी असेल तर फाइलीचे नाव त्याच्या हवाली करून तो तत्काळ संपतो. फाइल आधीच्या खिडकीत नव्या टॅबमध्ये उघडते आणि शेल लगेच मोकळा होतो. म्हणजे टर्मिनल अडकेल की नाही हे आपल्या आज्ञेवर नव्हे, तर जीएडिट आधीपासून चालू आहे की नाही यावर ठरते.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. एका सकाळी मी टर्मिनलमधून एक लहानशी फाइल पाहण्यासाठी & लावून जीएडिट उघडले होते. नंतर दिवसभर फाइल व्यवस्थापकातून टिचकी मारून उघडलेल्या सगळ्या फाइली त्याच प्रतीत टॅब म्हणून येत राहिल्या, आणि त्यांत एका लेखाचा दोन तासांचा, अजून जतन न केलेला मजकूर होता. संध्याकाळी ‘आता याचे काम नाही’ म्हणून टर्मिनलच्या फुलीवर टिचकी मारली आणि सगळे टॅब एकदम गेले. लेख टर्मिनलमधून उघडलेलाच नव्हता, त्यामुळे तो टर्मिनलबरोबर जाईल ही शंकाही आली नव्हती. त्या दिवसापासून मी एडिटर कधीही नुसत्या & वर सोडत नाही. स्वतंत्र प्रत हवी असेल तर जीएडिटला --स्टँडअलोन हा पर्याय देता येतो. २०२२ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपच्या ४२व्या आवृत्तीपासून जीएडिटच्या जागी आलेल्या ‘ग्नोम-टेक्स्ट-एडिटर’लाही हाच पर्याय चालतो.

चौथी तक्रार याच यंत्रणेतून निघते, फक्त तिथे आपल्याला उलटे हवे असते. ‘गिट कमिट’ ही आज्ञा एका तात्पुरत्या फाइलीत संदेशाचा साचा लिहिते, एडिटर सुरू करते, एडिटर संपण्याची वाट पाहते आणि मग ती फाइल वाचते. एडिटर संपला याचा तिच्या लेखी अर्थ ‘लिहिणाऱ्याचे लिहून झाले’ एवढाच असतो. जीएडिट आधीपासून चालू असेल तर नवी प्रत निरोप देऊन क्षणात संपते, गिट फाइल वाचते, त्यात साच्याच्या टिपणाखेरीज काहीच सापडत नाही, आणि रिकाम्या संदेशामुळे कमिट रद्द झाल्याचे ती सांगते. आपली खिडकी तोवर नुकतीच उघडत असते. उपाय म्हणजे एडिटरला थांबण्याचा पर्याय देणे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर "जीएडिट --वेट"

प्रत्येक एडिटरचा शब्द वेगळा आहे. व्हीएस कोडला --वेट, केटला --ब्लॉक, ग्नोम-टेक्स्ट-एडिटरला --स्टँडअलोन, जीव्हिमला -एफ. जीव्हिम मुळातच स्वतःला शेलपासून वेगळे करून घेतो, त्यामुळे त्याला -एफ दिल्याशिवाय तो कधीच वाट पाहायला लावत नाही. ईमॅक्सचा सेवक चालू ठेवणाऱ्यांनी ‘ईमॅक्सक्लायंट -सी’ वापरावे. तो आपणहून थांबतो, आणि थांबायला नको असेल तेव्हाच त्याला -एन द्यावा लागतो. मला ही रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते, कारण एडिटरला बोलावणारा बहुधा दुसरा प्रोग्रॅमच असतो.

हेच शब्द ‘व्हिज्युअल’ आणि ‘एडिटर’ या परिस्थिती-चलांतही (शेल इतर प्रोग्रॅमना पुरवतो त्या नावे दिलेल्या मूल्यांतही) लिहावेत. या चलांची नावे मोठ्या लिपीत असतात. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी बदलणाऱ्या ‘क्रॉनटॅब -ई’सारख्या आज्ञा त्यांच्याकडेच पाहतात. गिट प्रथम स्वतःचे ‘गिट_एडिटर’ हे चल पाहते, मग वर दिलेली मांडणी, मग व्हिज्युअल आणि शेवटी एडिटर. थांबण्याचा पर्याय न देता ‘क्रॉनटॅब -ई’ चालवल्यास होणारे नुकसान अधिक फसवे असते. ती आज्ञा ‘काही बदल नाही’ असे समजून संपते आणि नंतर आपण खिडकीत केलेले बदल, जतन करूनही, लागू होत नाहीत. कारण आपण जतन करतो ती प्रत आता कोणीच वाचणार नसते.

आणखी एक अडथळा अलीकडे वारंवार दिसतो. एडिटर स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-प्रकारातून बसवलेला आणि बंदिस्त असेल, तर त्याला तात्पुरत्या फाइलींचे मूळ /टीएमपी फोल्डर दिसत नाही, त्याला स्वतःचे वेगळेच /टीएमपी मिळते. तसेच आपल्या घरच्या फोल्डरात सर्वांत वरच्या पातळीवर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीही त्याला वाचता येत नाहीत. अशा वेळी क्रॉनटॅबची तात्पुरती फाइल रिकामी दिसते आणि माणूस समजतो की आपल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या पुसल्या गेलेल्या नसतात. एडिटर काहीही न जतन करता बंद करावा आणि नॅनो किंवा व्हिमसारखा टर्मिनलमध्येच चालणारा एडिटर वापरावा. खरे तर या कामांसाठी मी सर्वांनाच तो सुचवतो; शेल त्याची वाट पाहतोच, आणि दूरच्या यंत्रावरही तो तसाच चालतो.

आता ‘एक्सडीजी-ओपन’विषयी, कारण प्रत्येक फाइलीसाठी वेगळ्या प्रोग्रॅमचे नाव लक्षात ठेवणे अनावश्यक आहे. ही आज्ञा फाइलीचा प्रकार ओळखते आणि डेस्कटॉपने त्या प्रकारासाठी ठरवलेला प्रोग्रॅम उघडते. ग्नोममध्ये ती आतून ‘जीआयओ ओपन’ला बोलावते आणि लगेच परत येते; पण कोणताही मोठा डेस्कटॉप नसलेल्या, केवळ खिडकी-व्यवस्थापक असलेल्या मांडणीत ती प्रोग्रॅम संपेपर्यंत थांबते. म्हणजे हिच्याबाबतीतही वाट पाहिली जाईल की नाही हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि स्क्रिप्ट लिहिताना हे गृहीत धरून चालत नाही. तात्पुरती पीडीएफ तयार करणे, एक्सडीजी-ओपनने दाखवणे आणि पुढच्याच ओळीत ती पुसणे, अशी स्क्रिप्ट मी अनेकदा दुरुस्त केली आहे. व्ह्यूअर फाइल वाचायला येतो तेव्हा ती जागेवर नसते. तिथे एक्सडीजी-ओपन न वापरता विशिष्ट व्ह्यूअरला थेट, & न लावता बोलवावे, म्हणजे खिडकी बंद झाल्यावरच पुढची ओळ चालते.

पीडीएफ भलत्याच प्रोग्रॅममध्ये, बहुधा ब्राउझरमध्ये किंवा एखाद्या चित्र-संपादकात उघडत असेल, तर कोण ठरवलेला आहे ते आधी पाहावे आणि मग बदलावे:

एक्सडीजी-माइम क्वेरी डीफॉल्ट ॲप्लिकेशन/पीडीएफ

या आज्ञेने सध्याच्या प्रोग्रॅमच्या डेस्कटॉप-फाइलीचे नाव मिळते. बदलण्यासाठी ‘एक्सडीजी-माइम डीफॉल्ट’ यापुढे हव्या त्या डेस्कटॉप-फाइलीचे नाव आणि मग प्रकार लिहावा. ही निवड घरच्या फोल्डरातील .कॉन्फिग/माइमॲप्स.लिस्ट या फाइलीत साठते, आणि ती साधी मजकूर-फाइल असल्याने हातानेही दुरुस्त करता येते. एक्सडीजी-ओपन एका वेळी एकच फाइल घेते. दोन दिल्या की ती चूक दाखवून थांबते.

टर्मिनलमधून उघडण्याचा खरा लाभ मात्र नेमक्या जागी पोहोचण्यात आहे, आणि टिचकीने तो मिळत नाही. इव्हिन्सला -पी नंतर पानाचा छापील क्रमांक देता येतो आणि -आय नंतर फाइलीतील अनुक्रम. प्रस्तावनेची पाने रोमन आकड्यांत असलेल्या पुस्तकात या दोहोंत मोठा फरक पडतो. --फाइंड या पर्यायाने फाइल उघडताच शब्द शोधला जातो. इतर पीडीएफ-व्ह्यूअरांपैकी ओक्युलरला -पी चालतो, झथुराला मोठ्या लिपीतला -पी लागतो, आणि म्यूपीडीएफला फाइलीच्या नावापुढे नुसता आकडा पुरतो. जीएडिटला +१२० लिहिले की कर्सर १२०व्या ओळीवर जातो. केटला त्यासाठी -एल १२० लागते, आणि व्हीएस कोडला -जी देऊन फाइलीच्या नावापुढे कोलन (:) व ओळीचा क्रमांक लिहावा लागतो. लाटेक्समध्ये मजकूर जुळवणाऱ्यांसाठी आणखी एक सोय अशी की इव्हिन्स, ओक्युलर आणि झथुरा हे तिघेही पीडीएफ नव्याने तयार झाली की ती आपणहून पुन्हा वाचतात, त्यामुळे व्ह्यूअर एकदाच उघडून ठेवावा. म्यूपीडीएफ मात्र त्यासाठी निरोपाची वाट पाहतो, आणि तो निरोप म्हणजे वर सांगितलेला हँगअप सिग्नलच. ज्या सिग्नलने इतर प्रोग्रॅम संपतात, त्याच सिग्नलने तो फाइल पुन्हा वाचतो.

मराठीत फाइलींची नावे ठेवणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ‘शेतकऱ्यांची यादी.पीडीएफ’ हे नाव घ्या. यातील रिकाम्या जागेमुळे शेल त्याचे दोन तुकडे करतो, म्हणून संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारांनी साठवता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांतही विभागले जाते. आणि काही कळफलकांवर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून तीच आकृती उमटते. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्सच्या बहुतेक फाइल-प्रणालींना मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात, कारण त्या नावातील बाइट जसेच्या तसे ताडून पाहतात. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर नावे विभागलेल्या रूपातच साठवली जात असत, त्यामुळे तिथून आलेली फाइल समोर यादीत दिसते, आपण तिचे नाव अचूक लिहितो, आणि तरीही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते.

अशा वेळी नाव पूर्ण लिहूच नये. पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबावा, म्हणजे शेल डिस्कवरचे खरे नाव स्वतः भरतो. किंवा शंकास्पद अक्षराच्या आधीच थांबून तारका द्यावी:

इव्हिन्स शेतक*.पीडीएफ

टर्मिनलमध्ये जोडाक्षरे तुटलेली दिसली तरी त्याचा अर्थ नाव बिघडले असा नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देऊ पाहतो आणि देवनागरी त्या चौकोनांत नीट मावत नाही, एवढाच तो दोष आहे. व्ह्यूअरच्या खिडकीच्या शीर्षकात तेच नाव व्यवस्थित दिसते. नाव उणे चिन्हाने सुरू होत असेल तर प्रोग्रॅम त्याला पर्याय समजतो, म्हणून त्याआधी ./ लावावे. जाता जाता, आपला डेस्कटॉप इंग्रजीत असला तरी एखादाच प्रोग्रॅम मराठी मेनूंसह पाहायचा असल्यास, मराठी भाषा-पॅकेज बसवलेले असताना, आज्ञेच्या आधी ‘लँग्वेज=एमआर’ लिहावे; त्यातील चलाचे नाव मोठ्या लिपीत. तो बदल त्या एका खिडकीपुरताच असतो.

प्रणालीच्या फाइली संपादित करण्यासाठी ‘सुडो जीएडिट’ लिहिण्याची, म्हणजे सुडोने सर्वाधिकार घेऊन जीएडिट चालवण्याची, सवय अजूनही पुष्कळ आढळते, आणि ती सोडावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खिडकीचा संपूर्ण प्रोग्रॅम, त्याच्या प्लगिनांसह, सर्वाधिकार घेऊन चालतो. आपल्या घरच्या फोल्डरात रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) मालकीच्या मांडणी-फाइली तयार होऊ शकतात आणि मग साधा जीएडिट आपल्या आवडीनिवडी जतन करेनासा होतो. केट तर सुडोने चालायला स्पष्ट नकार देतो. योग्य मार्ग ‘सुडोएडिट’ हा आहे. ती आज्ञा फाइलीची तात्पुरती प्रत करते, आपला एडिटर आपल्याच अधिकारात उघडते आणि एडिटर संपल्यावर बदललेली प्रत मूळ जागी ठेवते. इथेही ती एडिटर संपण्याची वाट पाहते, म्हणून एडिटरला थांबण्याचा पर्याय दिलेला हवा, नाहीतर आपले बदल मूळ फाइलीपर्यंत पोहोचणारच नाहीत.

दूरच्या यंत्रावर एसएसएचने (तिथे आज्ञा चालवू देणाऱ्या सुरक्षित जोडणीने) शिरून व्ह्यूअर उघडू पाहिला की ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असा संदेश येतो, कारण त्या प्रोग्रॅमला खिडकी कुठे दाखवायची हेच ठाऊक नसते. एसएसएचला मोठ्या लिपीतला -एक्स हा पर्याय दिला की खिडकी आपल्या पडद्यावर येते, पण संथ जोडणीवर पान उलटणेही जड जाते. पीडीएफ एससीपीने (त्याच जोडणीवरून फाइल आणणाऱ्या आज्ञेने) आपल्या यंत्रावर आणून पाहणे जवळजवळ नेहमीच जलद ठरते.

इतर प्रणालींवर थोडक्यात. मॅकवर ‘ओपन’ ही आज्ञा हेच काम करते आणि मुळात वाट पाहत नाही; थांबायला हवे असेल तर मोठ्या लिपीतला -डब्ल्यू द्यावा, जो प्रोग्रॅम पूर्ण बंद होईपर्यंत थांबतो, आणि फाइल मजकूर म्हणून उघडायची असल्यास -टी द्यावा. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘स्टार्ट’ वापरताना फाइलीच्या अवतरणांतील नावाआधी रिकामी अवतरणे "" लिहावीत, कारण अवतरणांतील पहिला मजकूर ती आज्ञा खिडकीचे शीर्षक समजते आणि आपली फाइल उघडण्याऐवजी त्या नावाची काळी खिडकी उघडते.

आपल्या यंत्रासाठी शेवटी दोन गोष्टी कराव्यात. घरच्या फोल्डरातील .बॅशआरसी फाइलीत ही एक ओळ घालावी:

उघड() { फॉर एफ इन "$@"; डू सेटसिड --फोर्क एक्सडीजी-ओपन "$एफ" >/डेव्ह/नल २>&१; डन; }

यातील ‘उघड’ हा शब्द मात्र खरोखर देवनागरीतच लिहिला तरी चालतो, कारण बॅश कार्याच्या (फंक्शनच्या) नावात देवनागरी अक्षरे स्वीकारतो. चलांच्या नावांत ती चालत नाहीत. यापुढे ‘उघड’ लिहून एक किंवा अनेक फाइली दिल्या की त्या उघडतात, टर्मिनल अडकत नाही आणि टर्मिनल बंद केल्याने त्या बंद होत नाहीत. दुसरे म्हणजे वर दिलेली गिटची मांडणी करून ती तपासावी, पण जीएडिट बंद असताना नव्हे, कारण तेव्हा --वेट नसतानाही सर्व काही ठीक चालते आणि मांडणी बरोबर असल्याचा खोटा विश्वास बसतो. आधी मेनूमधून जीएडिट उघडून ठेवावे, त्यात एखादी दुसरी फाइल उघडी असू द्यावी, आणि मग टर्मिनलमध्ये ‘गिट कमिट’ द्यावे. संदेशाचा टॅब उघडल्यावर टर्मिनल शांतपणे थांबून राहिले आणि तो टॅब बंद केल्यावरच पुढे सरकले, तर आपली चौथी तक्रार मिटली असे समजावे.